सारख्यांची जोडी

विरुद्ध असलेलेच एकमेकांकडे ओढले जातात, ही समजूत इतकी रुळली आहे की तिच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. चुंबकाची विरुद्ध टोके चिकटतात, धन भार ऋण भाराला ओढतो, आणि एवढ्या शिदोरीवर आपण थेट माणसांच्या स्वभावापर्यंत मजल मारतो. रसायनशास्त्राचीही एके काळी हीच समजूत होती. तिच्यापायी त्याची जवळजवळ पन्नास वर्षे गेली. हायड्रोजनचा एक अणू हायड्रोजनच्याच दुसऱ्या अणूला का धरील, याचे उत्तर कोणाला देता येत नव्हते, म्हणून तो धरतच नाही असे ठरवून टाकले गेले.

ती चूक यथावकाश दुरुस्त झाली. तिच्या जागी आलेली दुसरी मात्र जास्त चिवट निघाली. दोन सारख्या वस्तू जोडल्या की जोडीतही त्या सारख्याच राहणार, सारखे काम करणार, सारखा वाटा उचलणार, असे आपण गृहीत धरतो. गेल्या सव्वाशे वर्षांतले रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र याच्या उलट साक्ष देते. तंतोतंत सारखे दोन घटक एकत्र आले की त्यांच्यात कामाची वाटणी होऊ शकते, आणि जोडीचा उपयोग पुष्कळदा त्या वाटणीतच असतो, असे माझे म्हणणे आहे.

दोन सारखे किंवा जवळजवळ सारखे घटक जोडून झालेल्या रेणूला डायमर म्हणतात. आपल्या परिभाषेत द्विवारिक. हा शब्द महाराष्ट्राला अनोळखी राहिलेला नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘डी-डायमर किती आला?’ हा प्रश्न घराघरांतून विचारला जात होता. त्या आकड्याकडे मी पुढे येणारच आहे, पण आधी १८११ साल.

त्याच्या तीन वर्षे आधी फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने वायूंची मापे मोजून दाखवली होती. दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन घेतले की पाण्याची दोन मापे वाफ मिळते. आता सारख्या मापात कणांची संख्याही सारखी असते असे मानले, तर ऑक्सिजनचा एक कण वाफेच्या दोन कणांत गेला पाहिजे, म्हणजे तो दुभंगला पाहिजे. डाल्टनच्या अणूला तर दुभंगण्याची मुभा नव्हती. इटलीतल्या अमेडिओ अव्होगाद्रोने यावर साधा तोडगा सुचवला: ऑक्सिजनचा मोकळा फिरणारा कण हाच मुळात दोन अर्ध्यांचा आहे. तो दुभंगतो तेव्हा अणू फुटत नाही, जोडी सुटते.

हे कोणी मानले नाही. डाल्टनच्या मते एकाच वायूचे कण एकमेकांना दूर लोटतात. प्रत्येकाभोवती उष्णतेचे कवच असते आणि सारख्या कवचांचे जमत नाही. त्याची वायूंच्या मिश्रणाची सगळी उपपत्ती या दूर लोटण्यावर उभी होती, त्यामुळे त्याने मागे हटणे शक्य नव्हते. स्वीडनच्या बर्झेलियसचा आक्षेप आणखी वजनदार होता. त्याच्या हिशेबात प्रत्येक मूलद्रव्य स्वभावाने धन किंवा ऋण असते आणि संयोग होतो तो विरुद्धांचा. दोन ऑक्सिजन अणू एकाच स्वभावाचे, मग ते जुळणार कसे? बर्झेलियसच्या रसायनात सगोत्र विवाह वर्ज्य होता, आणि त्या काळी युरोपच्या रसायनशास्त्रात त्याचा शब्द प्रमाण होता.

हा केवळ हट्ट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. द्यूमाने १८२६च्या पुढे वाफांच्या घनता मोजायला घेतल्या तेव्हा पारा, गंधक आणि फॉस्फरस यांनी गोंधळ उडवून दिला. पाऱ्याच्या वाफेत अणू एकटा फिरतो, फॉस्फरसचे चार एकत्र असतात, आणि द्यूमाच्या तापमानाला गंधकाचे सहा. ‘मूलद्रव्य म्हणजे जोडी’ असा सरधोपट नियम धरणाऱ्याला ही मापे अडचणीचीच होती. तरीही मुळातली खोट मापांत नव्हती. सारख्याने सारख्याला धरण्याचे कारण दिसत नाही म्हणून तशी घटनाच नाकारायची, ही विचाराची खोट होती.

तिची किंमत काय पडली, ते केकुलेच्या १८६१च्या पाठ्यपुस्तकात एकाच ठिकाणी दिसते. त्या वेळी प्रचारात असलेली अ‍ॅसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, १९ वेगवेगळी सूत्रे त्याने मांडून दाखवली आहेत. पाण्याचेही सूत्र ठरलेले नव्हते. कोणी एक हायड्रोजन धरी, कोणी दोन. सप्टेंबर १८६०मध्ये कार्लस्रुहेला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली ती या सावळ्यागोंधळाला कंटाळून. तिथे स्तानिस्लाओ कानिझारोने अव्होगाद्रोची बाजू मांडली आणि परिषद संपताना त्याची १८५८ची पुस्तिका वाटली गेली. लोथार मायर आणि मेंडेलीव्ह दोघेही तिथे होते. अणुभारांचा हिशेब लागला आणि दशकभरात आवर्तसारणी उभी राहिली. अव्होगाद्रो १८५६मध्येच वारला होता.

आपल्याकडे शाळेत ऑक्सिजनच्या पायाशी छोटा दोन लिहायला शिकवतात आणि मुले तो पाढ्यासारखा पाठ करतात. तो दोन कुठून आला, त्यासाठी किती वर्षे भांडण चालले, याचा उल्लेख नसतो. मला ही नुसती इतिहासाची हेळसांड वाटत नाही. सारखे सारख्याला धरते यात काही नवल आहे, हेच त्या मुलापासून लपून राहते.

नवलाचा उलगडा १९२७ साली झाला. झुरिकमध्ये वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी नव्या पुंजयांत्रिकीने हायड्रोजनचा रेणू गणितात बसवला. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखताच येत नाहीत, म्हणून ‘हा इकडचा, तो तिकडचा’ असे लिहिणे अपुरे पडते. अदलाबदलीची शक्यताही समीकरणात घ्यावी लागते. ती घेतली की ऊर्जा खाली येते आणि बंध तयार होतो. इलेक्ट्रॉनांच्या कक्षा एकमेकींत सर्वांत चांगल्या मिसळतात त्या दोन्हीकडची ऊर्जा समान असताना, हेही पुढे स्पष्ट झाले. बर्झेलियस ज्याला अडथळा म्हणत होता तो सारखेपणा प्रत्यक्षात मदतीला होता.

इथे एक गैरसमज लगेच बाजूला करतो. सारखेपणामुळे जोडी घट्टच होते असे नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात; फ्लोरिनच्या जोडीला सुमारे १५९ पुरतात. हेलियमच्या दोन अणूंची जोडी इतकी नाजूक असते की ती निरपेक्ष शून्याजवळच्या थंडीतच टिकते. ती सापडायलाच १९९० नंतरचे दशक उजाडले. घट्टपणा म्हणजे गुणवत्ता हेही खरे नाही. हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजनचा, पण ती जोडी इतकी पक्की की पिकाला त्याचा थेट उपयोग शून्य. ती फोडण्यासाठी हाबर आणि बॉश यांना प्रचंड दाब, उष्णता आणि लोखंडाचा उत्प्रेरक लागला, आणि अलिबागजवळ थळच्या कारखान्यात युरियासाठी अमोनिया बनतो तो आजही त्याच मार्गाने.

याउलट सैल जोड्यांचे भलतेच उपयोग असतात. नायट्रोजन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. असे दोन रेणू भेटले की ते इलेक्ट्रॉन जुळतात आणि तपकिरी वायूचा रंग जातो. ही जोडी सुटायला मोलमागे फक्त ५७ किलोज्यूल पुरतात, म्हणून बंद नळी बर्फात ठेवली की फिकी पडते आणि गरम पाण्यात धरली की पुन्हा तपकिरी होते; रसायनशास्त्राच्या वर्गातला हा हमखास प्रयोग. हीच फिकी जोडी, नायट्रोजन टेट्रॉक्साइड, आपल्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या विकास इंजिनात इंधन जाळणारा घटक म्हणून भरतात. ती इंजिने विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतात. एकवीस अंशांना उकळणारा हा द्रव टाकीत साठवता येतो आणि इंधनाला भेटताच ठिणगीवाचून पेट घेतो.

आता दुसऱ्या चुकीकडे. तिचा सर्वांत बोलका नमुना मिशिगन विद्यापीठात १९०० साली घडला. मोझेस गोम्बर्गला दोन कार्बन आणि त्यांना लगडलेली बेंझिनची सहा कडी असा रेणू हवा होता, हेक्साफेनिलइथेन. म्हणजे ट्रायफेनिलमिथिल या तुकड्याचे दोन सारखे अर्धे, मधोमध कार्बन-कार्बन बंधाने जोडलेले. त्याला मिळालेला पदार्थ द्रावणात पिवळा दिसे आणि हवा लागताच ऑक्सिजनशी संयोग पावे. जोडी सुटून अर्धे मोकळे फिरत होते, आणि प्रत्येकाच्या कार्बनवर एक इलेक्ट्रॉन एकटा होता. गोम्बर्गने धाडसाने तसे जाहीर केले. मुक्त मूलकांचे शास्त्र तिथून सुरू झाले, आणि त्याबद्दल त्याची कीर्ती योग्यच आहे.

प्रश्न उरतो तो न सुटलेल्या जोडीचा. ती कशी दिसते? सगळ्यांनी सममित चित्र काढले. पॉल याकॉबसनने १९०५मध्येच सुचवले होते की एक अर्धा दुसऱ्याच्या मधल्या कार्बनला जोडला जात नसावा, त्याच्या एका बेंझिन कड्याच्या पलीकडच्या टोकाला जोडला जात असावा. मध्ये इतकी दाटी आहे की समोरासमोर यायला जागाच नाही. ही सूचना बाजूला पडली आणि सममित हेक्साफेनिलइथेन पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. अखेर १९६८मध्ये चुंबकीय अनुनादाच्या मोजणीने याकॉबसन बरोबर ठरला. दोन अर्धे अगदी एक, तरी जोडीत एकाने मधला कार्बन दिला होता आणि दुसऱ्याने कड्याचे टोक.

त्रेसष्ट वर्षे म्हणजे अव्होगाद्रोच्या वाट्याला आलेल्या वाट पाहण्याहूनही जास्त. मला हा योगायोग वाटत नाही. सममितीत एक सौंदर्य असते आणि ते पुराव्याची जागा घेते. मापे खटकत असली तरी चित्र सुंदर असेल तर आपण मापांनाच समजून घ्यायला सांगतो.

जीवशास्त्राने हाच धडा अनेकदा गिरवला. एचआयव्ही विषाणूजवळ आपली लांबलचक प्रथिने कापून सुटी करणारी एक कात्री असते, प्रोटिएज. तिचा एक अर्धा ९९ अमिनो आम्लांचा. एकटा अर्धा काहीच कापू शकत नाही, कारण कापण्याची जागा त्याच्यात नसतेच. दोन अर्धे जुळले की त्यांच्या सांध्यावर ती जागा तयार होते आणि तिथे प्रत्येकाकडून एकेक अ‍ॅस्पार्टिक आम्ल येते. लॉरेन्स पर्ल आणि विल्यम टेलर यांनी १९८७मध्ये हे रचना पाहण्याआधीच ओळखले. आपल्या जठरातल्या पेप्सिनच्या प्रथिनात एकाच साखळीचे दोन भाग एकमेकांसारखे दिसतात, हे १९७८मध्ये मांडले गेले होते. विषाणूने तोच आकार अर्ध्या जनुकात भागवला असणार, असा त्यांचा तर्क होता. १९८९मध्ये रचना हाती आली आणि तर्क खरा ठरला. १९९५पासून आलेली सॅक्विनॅव्हिरसारखी औषधे याच सांध्यात जाऊन बसतात.

विषाणूची काटकसर समजण्यासारखी आहे. त्याची जनुकीय लिपी जेमतेम दहा हजार अक्षरांची. एका छोट्या जनुकातून दोन अर्धे मिळत असतील तर मोठे जनुक कशाला बाळगायचे? म्हणून पुष्कळ जण सारख्यांच्या जोडीला स्वस्तातली सोय समजतात. पण सांध्यावरची ती दोन अ‍ॅस्पार्टिक आम्ले जवळून पाहिली की हे उत्तर अपुरे पडते. कापण्याच्या वेळी एकाजवळ प्रोटॉन असतो, दुसऱ्याजवळ नसतो. एक पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो, दुसरा कापल्या जाणाऱ्या साखळीला देतो. दोघांजवळही असता किंवा दोघांजवळही नसता, तर कात्री चाललीच नसती.

पेशीत ओझी वाहणारे कायनेसिन हे प्रथिन यापेक्षाही उघडपणे हेच दाखवते. स्क्विडच्या मज्जातंतूत १९८५मध्ये सापडलेल्या या प्रथिनाला दोन सारखी टोके असतात. ती सूक्ष्मनलिकेच्या मार्गावर आठ-आठ नॅनोमीटरची पावले टाकतात, आणि प्रत्येक पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. सेकंदाला साधारण ८०० नॅनोमीटर हा वेग धरला, तर कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा मीटरभर मज्जातंतू ओलांडायला न थांबता दोन आठवडे लागतील. टोके एकाआड एक पुढे जातात, की एक कायम पुढे राहून दुसरे त्याच्यामागे घसटत येते, यावर बराच वाद होता. २००४मध्ये अहमत यिल्दिझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकाच टोकाला चमकणारा रंग लावला. ते टोक प्रत्येक वेळी आठ नव्हे तर सोळा-सतरा नॅनोमीटर सरकत होते, म्हणजे मागचे पुढे येत होते. एक घट्ट धरून राहते तेव्हाच दुसरे सुटते. भूमिका प्रत्येक पावलाला बदलतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. फरक जोडीने निर्माण केला कुठे? सूक्ष्मनलिकेला स्वतःची दिशा असते, म्हणून पुढचे आणि मागचे असे भेद पडतात. तो फरक मार्गाने दिला. हे मला मान्य आहे. प्रोटिएजच्या बाबतीतही कापली जाणारी साखळी स्वतः असममित असते. पण तोच मार्ग एकट्या टोकाला दिला तर ते चार पावलेही सलग चालत नाही, सुटून जाते. बाहेरचा फरक पकडायला आत दोन जागा लागतात, आणि त्या जागा जोडी देते.

बाहेरच्या फरकाशिवायही वाटणी होते, याचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्याच्याशी औषधांचा थेट संबंध आहे. पेशीला वाढीचा निरोप देणारा ईजीएफ हा संप्रेरकासारखा रेणू पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटला की दोन ग्राही जवळ येऊन जुळतात. आतल्या बाजूला प्रत्येकाचा एक कायनेज भाग असतो, निरोप पुढे धाडणारा. दोघे आमनेसामने येऊन एकमेकांना सारखेच चेतवत असतील, असे चित्र सोयीचे होते. बर्कलीत जॉन कुरियनच्या प्रयोगशाळेने २००६मध्ये दाखवले की एकाचे बूड दुसऱ्याच्या माथ्याला टेकते. टेकणारा नुसता चेतवतो. काम दुसरा करतो. रासायनिक रचना एकच, तरी एक उत्तेजक आणि एक कर्ता.

हे कळल्यावर एक जुने कोडे सुटले. याच कुटुंबातला हर-थ्री हा ग्राही स्वतः जवळजवळ निकामी आहे, त्याचा कायनेज नीट काम करत नाही. तरी हर-टूशी त्याची जोडी सर्वांत जोरकस निरोप देते. त्याला काम करायचेच नसते, टेकायचे असते. स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टवर ‘हर-टू पॉझिटिव्ह’ हे शब्द अनेक कुटुंबांनी वाचलेले असतात. पेर्टुझुमॅब हे औषध, अमेरिकेत २०१२मध्ये मान्यता मिळालेले, हर-टूच्या नेमक्या त्या भागावर बसते जिथे तो जोडीदाराला धरतो. हर-टू तसाच राहतो, फक्त त्याला जोडी मिळत नाही.

इन्शुलिनच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. तिथे जोडी म्हणजे साठवण. स्वादुपिंडात ५१ अमिनो आम्लांचे इन्शुलिन दोन-दोनाने जुळते आणि अशा तीन जोड्या जस्ताच्या अणूंभोवती बसून सहाचा गड्डा होतो. डोरोथी हॉजकिनच्या गटाने १९६९मध्ये त्याची रचना उलगडली. पुढे बंगळुरूला आलेले एम. विजयन तेव्हा त्या गटात होते. त्या रचनेतही जोडीतले दोन रेणू हुबेहूब नव्हते: एकाची एक फेनिलअ‍ॅलनिनची बाजू आत वळलेली, दुसऱ्याची नाही. पण इथे महत्त्व सुटण्याला आहे. रक्तात पुरेसे विरळ झाले की जोड्या सुटतात आणि काम एकटा रेणू करतो. त्वचेखाली टोचलेल्या साध्या इन्शुलिनला हे सुटायला वेळ लागतो, म्हणून जेवणाआधी अर्धा तास टोचायचे. १९९६मध्ये आलेल्या लिस्प्रो या इन्शुलिनात बी साखळीतल्या २८ आणि २९ क्रमांकांच्या दोन अमिनो आम्लांची फक्त जागा बदलली. जोडी ढिली झाली आणि इन्शुलिन पानावर बसता-बसता टोचण्याजोगे झाले. इन्शुलिनचे काम बदलले नाही, बदलली ती फक्त जोडीची ओढ. औषधशास्त्रातला इतका नेटका बदल मला दुसरा आठवत नाही.

आता तो डी-डायमर. रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाची दोन टोके डी म्हणून ओळखली जातात, मधला भाग ई. गुठळी होताना फायब्रिनोजेनचे फायब्रिन होते, एकाचे डी टोक शेजारच्याच्या डी टोकाला भिडते आणि रक्तातला तेरावा घटक त्यांना पक्के टाचून टाकतो. पुढे गुठळी विरघळवताना प्लाझ्मिन हे विकर डी आणि ई यांच्यामधले धागे कापते, पण डी-डी टाचणी त्याला तोडता येत नाही. ती जोडी रक्तात फिरत राहते. सुट्या डी तुकड्याची साक्ष इथे चालत नाही, कारण गुठळी न होताही फायब्रिनोजेन तुटले की तो मिळतो. जोडी मात्र तेव्हाच मिळते जेव्हा दोन शेजारी खरोखर टाचले गेले होते. गुठळी झाली होती आणि विरघळली, ही माहिती त्या ‘दोन’मध्ये आहे.

म्हणून ही तपासणी नकारासाठी चांगली आणि होकारासाठी कच्ची. संशय कमी असताना आकडा ५०० नॅनोग्रॅमच्या खाली आला तर पायाच्या खोल शिरेत वा फुफ्फुसात गुठळी नसल्याचे डॉक्टर बऱ्याच भरवशाने सांगू शकतात. वर आला तर एवढेच कळते की शरीरात कुठेतरी फायब्रिन बनले आणि तुटले. हे संसर्गात होते, गरोदरपणात होते, शस्त्रक्रियेनंतर होते आणि वयाबरोबर वाढते. पन्नाशीनंतर मर्यादा वयाच्या दसपट धरण्याची पद्धत आहे ती त्यासाठीच. लाटेच्या काळात रिपोर्टचे फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत होते आणि शेजारच्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहिला जात होता. त्यात आणखी एक फसगत होती. काही प्रयोगशाळा फायब्रिनोजेनच्या वजनाच्या हिशेबात आकडा देतात, काही डी-डायमरच्या स्वतःच्या वजनाच्या. पहिला दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. एकाचे ५०० ते दुसऱ्याचे २५०. एकक न वाचता केलेली तुलना म्हणजे अर्ध्यांची आणि पूर्णांची सरमिसळ, आणि अव्होगाद्रोच्या काळी नेमका हाच घोळ चालला होता.

सारख्यांच्या जोडीतून वाटणी कुठवर जाऊ शकते, ते झाडाच्या पानात दिसते. सूर्यप्रकाश पकडणाऱ्या प्रथिन-केंद्राची सर्वांत आदिम रूपे दोन अगदी सारख्या अर्ध्यांची असावीत, असे मानले जाते. हेलिओबॅक्टेरियात आजही ती तशीच आहेत. त्यांची रचना २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. जांभळ्या जिवाणूंत जनुक दुणावून दोन अर्धे किंचित वेगळे झाले. डायझेनहोफर, हुबर आणि मिशेल यांना १९८८चे नोबेल मिळाले ते याच केंद्राच्या रचनेसाठी. तीत इलेक्ट्रॉनला जायला दोन जवळजवळ सारख्या वाटा आहेत, तरी तो जवळजवळ नेहमी एकाच वाटेने जातो.

हिरव्या पानात ही वाटणी टोकाला गेली आहे. पाण्याचे विघटन करणाऱ्या केंद्राचे दोन अर्धे डी-१ आणि डी-२ या नावांनी ओळखले जातात (या ‘डी’चा रक्तातल्या ‘डी’शी काही संबंध नाही). पाणी फोडणारा मँगनीजचा पुंजका जवळजवळ सगळा डी-१ने धरलेला असतो. इलेक्ट्रॉन अखेर ज्या जागेवर येऊन पानाच्या पुढच्या व्यवहारात जातो तीही डी-१वर. त्यामुळे प्रकाशाचा मारा तोच खातो. कडक उन्हात तो अर्ध्या तासाच्या आसपास निकामी होतो आणि पेशी तो काढून नवा बसवत राहते. डी-२ त्या मानाने बराच काळ टिकतो. आपल्याकडे ऊस आणि मक्याच्या शेतात तणांवर फवारले जाणारे अट्राझिन याच फरकावर चालते. ते डी-१वरच्या त्या जागेत जाऊन बसते आणि वाट अडवते. मका ते विष आपल्या परीने निकामी करून टाकतो. पण काही तणांनी दुसरा उपाय काढला आहे: डी-१च्या साखळीतल्या २६४व्या जागेवर सेरिनऐवजी ग्लायसिन. एवढ्या एका बदलाने अट्राझिनला तिथे टेकायला जागा उरत नाही, आणि डी-२मध्ये काहीच बदलावे लागत नाही.